ब्रशवरची खूण

माझी बायको शालन गेली, त्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही दोघांनी फवारणीच्या पंपाची मोटर खोलली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी चारला ती गेली.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होतो. शिक्षण सातवी. वाळवा तालुक्यात राहतो. माजी सैनिकांच्या स्मरणिकेसाठी सर्व्हिसमधली एक आठवण लिहून द्या, असं मला सांगितलं. शौर्याची आठवण माझ्याकडं नाही. जी आहे ती देतो.

पंप पाठीवरचा, बारा व्होल्ट बॅटरीचा. सोयाबीनवर अळी पडली होती आणि पंप बंद. घेऊन दोन हंगाम झाले होते. माझं म्हणणं, दुकानदारानं जुनी मोटर नव्या खोक्यात घालून दिली.

शालन म्हणाली, "तुमाला सगळं जग चोर दिसतंय."

"हाय म्हणून दिसतंय."

अशा लहान मोटरीत कार्बनचे दोन तुकडे असतात. आम्ही त्यांना ब्रश म्हणतो. मागून स्प्रिंग त्यांना दाबते, पुढचं तोंड फिरत्या तांब्याच्या कड्यावर घासतं, आणि त्यातून करंट आत जातो. घासून घासून ब्रश झिजतो. संपला की मोटर थांबते. मिक्सरचे कार्बन आणून मी ते कानशीनं बारीक केले होते. बसवताना स्प्रिंगा मागं ओढून धरायला लागतात. फौजेत त्यासाठी मी तारेचे हुक करायचो. घरी शालनच्या केसातले आकडे वापरायचो. दोन आकडे घेऊन ती उंबऱ्यावर बसली. चष्मा नाकाच्या टोकावर.

त्या दिवशी तिचा उपास होता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करतात. भाऊ गेल्यावर बऱ्याच जणी सोडून देतात. हिनं सोडला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायची, "नाग हाय की भाऊ." एवढंच. भावाचं नाव काढायची नाही. माझ्यासमोर तर नाहीच.

नवीन ब्रशवर मी दाभणानं रेघ ओढली.

"घरातल्या डब्यांवर झालं. आता ह्याच्यावर बी खूण?" ती म्हणाली.

आमच्या घरात गोडेतेलाच्या डब्यापासून पेंडीच्या पोत्यापर्यंत सगळ्यावर माझी खूण असते. फुली. कोणी काढलं, कोणी बदललं, तर कळतं.

मी म्हणालो, "खूण असली म्हंजे कळतं. लडाखला बी केलीवती."

तोंडातून निघून गेलं. परत घेता येत नव्हतं.

"कशावर?" तिनं विचारलं.

ते कशावर, ते आधी सांगतो.

हणमंत तिचा थोरला भाऊ. शिराळ्याकडचा. आमच्या वर्कशॉपमध्ये तो नाईक होता, स्टोअरमन. ह्या भागातले आम्ही दोघंच. माझ्या घरून आलेली चटणी खात तो एकदा म्हणाला, "आईबाप हायत, रान हाय, दारू न्हाई. माझी बहीण बघून घे." रजेवर आलो, बघितली, लग्न झालं. त्या दिवसापासून चार माणसांत मी हवालदार साब आणि दोघंच असलो की दाजी.

लग्नानंतर दोन वर्षांनी वर्कशॉप लडाखला गेलं. उंची पंधरा हजार फुटांच्या वर. रोजचा कार्यक्रम ठरलेला. साडेपाचला उठणं. सहाला गाड्यांचं तेल गरम करणं. सातला सगळ्या गाड्या स्टार्ट. आठला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. मग ज्या गाडीत खोट असेल ती वर्कशॉपमध्ये. माझ्याकडं वायरिंग, सेल्फ, वायपर आणि हीटर.

हीटर म्हणजे गाडीत गरम हवा सोडणारा पंखा. त्याची मोटर छोटी, चोवीस व्होल्टची, दोन ब्रशांची. इतर गाड्यांत हीटर बंद पडला तर माणूस शिव्या घालतो. अॅम्ब्युलन्समध्ये बंद पडला तर आतला पेशंट मरतो. वरच्या पोस्टवरून ज्याच्या छातीत पाणी झालंय असा जवान खाली आणायचा तर चार तास. बाहेर वजा वीस.

खाली मैदानात अशा मोटरीचा ब्रश दोन-तीन वर्षं जातो. तिथं आठवड्यात संपायला लागला.

फौजेत नियम असा की जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही. मी मोटर खोलायचो, तोंडानं फुंकर मारून आतली काळी भुकटी उडवायचो आणि झिजलेले तुकडे घेऊन स्टोअरच्या खिडकीत उभा राहायचो. हणमंत ते कागदात बांधून वर गाडीचा नंबर लिहायचा आणि नवे द्यायचा.

पहिल्यांदा हसण्यावारी गेलं.

"दाजी, मिशी काळी केलीस. माझी बहीण वळखायची न्हाई तुला."

"तुझ्या असल्या मालानंच काळी झाली."

तिसऱ्या आठवड्यात हसणं बंद झालं. त्यानं तुकडे हातात घेतले, माझ्याकडं बघितलं.

"हे मी गेल्या सोमवारी दिलेले न्हवंत."

"मग कुठलं?"

"ते तू सांग. सात दिवसांत एवढा ब्रश झिजतो व्हय? नवे कुठं ठिवलंस?"

"माझ्याकडं बोट करतोस?"

"देतो मी, नेतोस तू. तिसरं कोण हाय?"

त्याच दिवशी माझ्या डोक्यात उलटं चक्र सुरू झालं. तिसरा कोणी नाही हे खरं. मी घेतलेले नाहीत. म्हणजे हाच. मला देतो ते खरे नवे नाहीतच. नाहीतर मी बसवल्यावर गाड्या उभ्या असताना कोणीतरी काढून अर्धे झिजलेले घालतो. ब्रश बोटाच्या पेराएवढा. खिशात दहा बसतात. आठवड्यातून एकदा तो स्टोअरच्या कामाला खाली बाजाराच्या गावी जायचा. नुकताच रजेवरून आला होता आणि घरावर स्लॅब टाकून आला होता. स्लॅबची गोष्ट त्यानंच मला आनंदानं सांगितली होती. आता तीच मला टोचायला लागली. त्याच्या हसण्यात, लवकर झोपण्यात, सगळ्यात मला काहीतरी दिसायला लागलं.

मी सापळा लावला. अॅम्ब्युलन्ससाठी नवे दोन ब्रश घेतले. ब्रशची लांबी सोळा मिलिमीटर. घासणाऱ्या तोंडापासून चार मिलिमीटरवर, अंगावर, बारीक रेघ मारली. कोणाला सांगितलं नाही. हिशेब साधा होता. चार मिलिमीटर झिजायला मैदानात वर्ष जातं. सहा दिवसांत ती रेघ जागच्या जागी असली पाहिजे.

सहाव्या दिवशी मोटर खोलली. भुकटी फुंकली. ब्रश निम्मे झाले होते आणि रेघ नव्हती.

त्या आठवड्यात गाड्यांच्या पार्कवर गार्ड कमांडर हणमंत होता.

मी थेट मेजर साहेबांपुढं उभा राहिलो. आमचे ओसी, म्हणजे वर्कशॉपचे मुख्य अधिकारी. थोडं बोलणारे, आवाज न चढवणारे.

"साब, ब्रश बदले गए हैं. मैंने निशान लगाया था. निशान नहीं है."

"किस पर शक है?"

मी नाव सांगितलं.

"तुम्हारा साला है ना?"

"जी साब."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "एक बार और निशान लगाओ. ऐसी जगह जहाँ दिखे नहीं. अपना बयान भी दोगे. तब तक नाईक स्टोअर में नहीं बैठेगा."

दुसऱ्या वेळी मी खूण मागच्या टोकावर केली. स्प्रिंग टेकते तिथं. ब्रश बसवल्यावर ते टोक कोणालाच दिसत नाही. फुली मारली. तीच, जी पुढं घरातल्या डब्यांवर मारत आलो.

हणमंतला स्टोअरमधून काढून रिकव्हरी पार्टीत घातलं. अडकलेल्या गाड्या ओढून आणणारी पार्टी. संध्याकाळी तो बराकीत माझ्या खाटेपाशी आला. बसला नाही.

"मला सांगायचं हुतंस आदी."

"काय सांगायचं?"

"संशय हाय म्हणून. मी तोंडावर सांगितला का न्हाई तुला?"

तो खरं बोलत होता. त्यानं माझ्यावरचा संशय खिडकीत उभं राहून सांगितला होता. मी त्याच्यावरचा साहेबाला जाऊन सांगितला.

"शालीला कळवू नगंस," तो म्हणाला आणि गेला.

पाचव्या दिवशी अॅम्ब्युलन्स वर गेली होती. एका पोस्टवर जवानाच्या छातीत पाणी झालं होतं. नियमानं निघण्याआधी मी हीटर बघायला हवा होता. बघितला नाही. बघितला असता तर ब्रश बाहेर काढावे लागले असते, आणि साहेबांचा हुकूम होता की सहा दिवस मोटरीला हात लावायचा नाही. सापळा मोडेल.

तीन वाजता मी ओसींच्या ऑफिसात बयान, म्हणजे लेखी जबाब, देत होतो. क्लार्क लिहीत होता. पंधरा दहाला, म्हणजे तीन वाजून दहा मिनिटांनी, शेजारच्या खोलीत रेडिओ बोलायला लागला.

"बेस, अॅम्ब्युलन्स बोल रहा हूँ. हीटर बंद. ओवर."

"पेशंट कैसा है? ओवर."

"साँस चल रही है. नाक नीली है. आगे रास्ते पर बर्फ आ गई है, गाड़ी खड़ी है. ओवर."

"रिकव्हरी भेज रहे हैं. कंबल पूरे डालो. आउट."

मी उठून उभा राहिलो. "साब, मैं जाता हूँ."

साहेबांनी बाहेर बघितलं. रिकव्हरीची गाडी चालू करून उभी होती. हणमंत दारात आला. सॅल्यूट केला.

"साब, ब्रश मैं डाल दूँगा. दो महीने से देख रहा हूँ कैसे डालते हैं."

त्याला माहीत होतं मी आत कशासाठी बसलोय. सगळ्या वर्कशॉपला माहीत होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं. माझं बयान अर्धं झालं होतं.

"जाओ. पाँच मिनट में निकलो."

मी त्याच्या मागं गाडीपर्यंत गेलो. खिशातून तारेचे दोन हुक काढून दिले. त्यानं ते घेतले. पायरीवर चढून मागं वळला.

"दाजी, जुने काढून आणतो. जमा करतो. मोजून घे."

पंधरा पंचवीसला गाडी सुटली. मी आत जाऊन बयान पूर्ण केलं. सही केली.

सोळा चाळीसला ते पोहोचले. पुढचं मला अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं सांगितलं. हणमंतनं हातमोजे काढले, कारण मोज्यात हुक धरता येत नाही. मोटर मांडीवर घेतली. बोटं पांढरी पडली, तोंडात घालून गरम केली, परत हुक धरले. सतरा दहाला पंखा फिरला. जुने ब्रश त्यानं कागदात बांधले, पेन्सिलनं गाडीचा नंबर लिहिला आणि शर्टाच्या आतल्या खिशात घातले. तोवर बाकीच्यांनी बर्फ काढला होता.

सतरा पंचवीसला रेडिओ आला. "हीटर ठीक. पेशंट ठीक. नीचे आ रहे हैं. ओवर."

मी रेडिओजवळच उभा होतो. पेशंट ठीक ऐकून बरं वाटलं. आणि लगेच मनात काय आलं तेही लिहितो. मनात आलं, ह्याला आता शाबासकी मिळणार आणि चौकशी दाबली जाणार.

अॅम्ब्युलन्स पुढं होती. रिकव्हरीची गाडी मागं. एका वळणावर रस्त्याची कड सुटली. सतरा चाळीसला रेडिओवर परत ड्रायव्हर. "बेस, रिकव्हरी गाड़ी नीचे गई. ओवर." मग नुसती खरखर.

गाडीत दोघं होते. दुसरा खडकाला अडकून वाचला. हणमंत सकाळी नऊला सापडला.

पेशंट जगला. नंतर भेटायला आला होता, आपल्या बाजूचाच, साताऱ्याचा निघाला. मला विचारत होता, हीटर कोणी चालू केला.

साहेबांनी मला एस्कॉर्ट म्हणून पाठवलं. त्याचं पार्थिव घेऊन मी तीन दिवस प्रवास केला. मिरजेला उतरलो, तिथून ट्रकनं त्याच्या गावी. गावानं फुलं टाकली. सलामी झाली. त्याच्या आईला मी सीलबंद पाकीट दिलं. त्यात घड्याळ, पे-बुक, पाकिटातला आईचा फोटो आणि एक कागदाची पुडी. यादी क्लार्कनं केली होती. मी सही करून ताब्यात घेतलं, सही घेऊन ताब्यात दिलं. उघडून बघितलं नाही. आई वारल्यावर ते सामान शालनकडं आलं आणि तिच्या ट्रंकेत गेलं.

चौकशीचं पुढं काही झालं नाही. मेलेल्या माणसाची चौकशी कोण करणार. तीन महिन्यांनी माझी बदली झाली. पण माझा संशय काही मेला नाही. पहिल्या रजेवर शालनला मी सांगून टाकलं. तुझा भाऊ ड्यूटीवर गेला खरा, पण स्टोअरमध्ये त्याचा हात साफ नव्हता. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "माझा भाऊ तसला न्हवता," म्हणाली. त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव निघालं नाही.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण काही वर्षांपूर्वी त्याच्या गावानं शाळेसमोर दगड बसवला. गावातले जे सैनिक ड्यूटीवर गेले त्यांची नावं. सरपंच माझ्याकडं आले. हणमंतच्या वर्कशॉपमधला मीच जिवंत आणि जवळचा. म्हणाले, दाजी, दोन ओळी लिहून द्या, कसा गेला त्या. मी म्हणालो, "त्याच्यावर चौकशी हुती. ती पुरी झाली न्हाई. मला ह्यात घेऊ नगा." एवढंच बोललो. सरपंच उठले. दगडावर तीन नावं आली. चौथं आलं नाही. उद्घाटनाला शालन गेली नाही. माहेरी जाणंच तिनं कमी केलं.

आता परत उंबऱ्यावर येतो.

"कशावर खूण केलीवती?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला सगळं सांगितलं. ब्रश, रेघ, सहा दिवस, रेघ नाहीशी झालेली. आकडे धरून ती ऐकत होती. मी सांगताना हातातला ब्रश दाखवला, इथं रेघ मारली होती म्हणून.

"तिथं?" ती म्हणाली. "ती घासायची बाजू न्हवं? तिथली रेघ झिजून जाईल की."

"चार मिलिमीटर सहा दिवसांत झिजत न्हाई."

"आनि ती भुकटी?"

"कसली भुकटी?"

"आता सांगितलंसा न्हवं. दर टायमाला फुंकर मारायचो, मिशी काळी व्हायची. कोणी नवा काढून जुना घातला असता, तर आत एवढी भुकटी कुठनं आली असती?"

मी पंपाच्या मोटरीत बघितलं. दोन हंगामांत दोन ब्रश संपले होते. तळाला भुकटी होती, चिमूटभर. लडाखला एवढी भुकटी मी सहा दिवसांतच फुंकत होतो.

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

"न्हाई कळत." तिनं आकडा सोडला, स्प्रिंग बसली. "एकच खूण केलीवती का परत बी?"

"परत केली. मागच्या बाजूला. फुली."

"ती बघितलीसा?"

"ते ब्रश त्यानं काढलं. त्याच्याबरोबर गेलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग उठली, आकडे केसात घातले. "ट्रंकेत हणमाची पुडी हाय. तेवढी बघा."

"उपास सुटू दे तुझा. उद्या बघू."

"उद्या बघा," ती म्हणाली.

पंप चालू झाला. मी रानात गेलो. चारला शेजाऱ्याचा फोन आला. गोठ्यात वैरण टाकताना ती खाली बसली ती उठलीच नाही. इस्लामपूरला नेलं. डॉक्टरांनी पाच वाजून चाळीस मिनिटांनी सांगितलं. आठच्या आत सगळं उरकलं. मुलगा प्रकाश साताऱ्यात एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, तो अग्नी द्यायला वेळेवर पोहोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी तिची ट्रंक उघडली. लुगड्यांखाली पुडी होती. कागद पिवळा झाला होता. वर पेन्सिलनं अॅम्ब्युलन्सचा नंबर, हणमंतच्या अक्षरात. आत दोन तुकडे. हरभऱ्याच्या डाळीएवढे राहिले होते. उलटे केले. दोन्हींवर फुली होती. माझी.

कोणी बदलले नव्हते. मी बसवले तेच, पाच दिवसांत संपलेले.

प्रकाश उठून आला. मी त्याच्या हातात तुकडे दिले आणि विचारलं, पाच दिवसांत असं होतं का?

"किती उंचीवर, आण्णा?"

सांगितलं.

"हुतं की. कार्बनला हवेतली ओल लागती. तिच्यानं तोंड गुळगुळीत राहतं. आमच्या कारखान्यात एका खोलीत हवा कोरडी ठेवत्यात. तिथं पयल्यांदा साधे कार्बन घातले, नुसती भुकटी झाली. वर तर ओल बी न्हाई आनि हवा बी विरळ. आता त्याला वेगळे कार्बन मिळत्यात." त्यानं तुकडे परत उलटे केले. "कुणाचे हायत हे?"

"तुझ्या मामाचे."

मी पायात चपला घातल्या. भाऊबंद दारात बसले होते. चुलतभाऊ म्हणाला, "कुठं निगालास? सुतक हाय. सावडायचं राहिलंय अजून."

"शिराळ्याला."

"आरं, आज पंचमी हाय तिकडं. सणाच्या दिवशी कुणाच्या दारात जाणार तू?"

"दारात जात न्हाई. दगडापाशी जातो."

साडेसहाची एसटी मिळाली. गर्दी होती, पोरं-बाया नटून शिराळ्याच्या नागपंचमीच्या जत्रेला निघालेल्या. कोणाला शिवायला नको म्हणून मी दरवाज्यापाशी उभा राहिलो. शिराळ्यातून दुसरी गाडी. नऊला त्याच्या गावात उतरलो. सरपंचाच्या घरासमोर रस्त्यावर उभं राहून हाक मारली. ते पूजेचा पाट ठेवून बाहेर आले.

"आवं दाजी, तुमी? काल तर... आत या."

"आत येत न्हाई. हणमंतचं नाव दगडावर घाला."

"आता?"

"आता. मी चुकलोवतो. त्यानं काय घेतलं नव्हतं. पाहिजे तर गाव गोळा करा, सगळ्यांसमोर सांगतो."

ते पायरी उतरून जवळ आले. मग हळू बोलले, "दाजी, आज पंचमी. गवंडी आज छन्नी उचलायचा न्हाई. उद्या नक्की घालू. किती वर्सं थांबलाय, एक दिवस."

"मी काल बी उद्याच म्हणालोवतो," मी म्हणालो.

त्यांनी पायात चपला घातल्या. माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आले.

दगड काळा नाही, आमच्याकडचा करडा. तीन नावं कोरलेली, खाली जागा मोकळी. मी पुडी सोडली. एक तुकडा घेतला. फुली चिमटीत राहील असा धरला आणि घासायचं तोंड दगडाला लावलं. कार्बन दगडावर काळा उमटतो. माझं अक्षर चांगलं नाही. सावकाश लिहिलं.

नाईक हणमंत. स्टोअरमन. ड्यूटीवर.

सरपंच म्हणाले, "स्टोअरमन कशाला? बाकीच्यांचं नुसतं हुद्दा आनि नाव हाय."

"ते ठिवा," मी म्हणालो. "गवंड्याला सांगा, मी लिवलंय तेच कोरायचं."

मग दोन पावलं मागं गेलो, चपला काढल्या, सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला. तुकडा परत कागदात बांधला. अकराच्या गाडीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी शालनला सावडायचं होतं.